मागचा पडदा

आमच्या डोणगावात नाटक कोणतं करायचं हे पडदे ठरवत. मेहकरहून भाड्याने मिळणारे पडदे चार होते: महाल, जंगल, रस्ता आणि बगीचा. पाचवा झोपडीचा होता म्हणे, पण तो दरवेळी दुसऱ्या कुठल्या तरी गावी गेलेला असे. त्यामुळे आमच्या नाटकांतली गरीब माणसं कायम रस्त्यावरच राहिली. तुरुंगाचा प्रवेश असलेलं एक नाटक मंडळींनी आवडूनही सोडून दिलं. हरिश्चंद्राला स्मशान लागतं, ते जंगलात भागवलं.

पडदे यायचे एसटीच्या टपावरून. लांबलचक बांबूंना गुंडाळलेले, वरून गोणपाट शिवलेलं. स्टँडपासून देवळापर्यंत चार गडी ते खांद्यावर घेऊन चालले की मागे आम्ही पोरं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत पडदा पहिल्यांदा उलगडला जाई तेव्हा त्यातून एक वास येई. थोडा सरसाचा, थोडा उंदरांचा, आणि कुठल्या तरी गावच्या गॅसबत्तीच्या धुराचा. आजही सुताराच्या दुकानात सरस उकळत असला की माझ्या डोळ्यांपुढे लाकूड येत नाही, महाल येतो.

आणि काय महाल! गुलाबी खांब, त्यांना वेलबुट्टी, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, कुठेच न जाणारा एक जिना. उजवीकडच्या खिडकीतून तळं दिसे, तळ्यात दोन हंस, आणि तळ्यापलीकडे बर्फाचा डोंगर. कंसाचा दरबार हाच, हरिश्चंद्राची अयोध्याही हीच, आणि सामाजिक नाटकातल्या सावकाराची बैठकसुद्धा हीच. बैठकीच्या खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसणारा सावकार वऱ्हाडात फक्त आमच्याकडे होता. कुणाला खटकलं नाही. पडदा पडला की लोक समजून घेत: आता आत आहोत. जंगल पडलं की: आता बाहेर.

नटांना मात्र एक शिस्त पाळावी लागे. महालाचं चित्र दूरवरचं काढलेलं, मागची दारं लहान लहान होत गेलेली. राजा बोलण्याच्या भरात मागे सरकला की दारापेक्षा उंच होऊन जाई. म्हणून जमिनीवर खडूने रेघ ओढलेली असे आणि तालमीत सारखं ओरडून सांगितलं जाई, की रेघेच्या मागे जायचं नाही. बगीच्याच्या पडद्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यातल्या कारंज्याला नेमकं मधोमध भोक पडलं होतं. ते झाकायला नायिकेने, म्हणजे लुगडं नेसलेल्या एका शिंप्याच्या पोराने, सगळा प्रवेश कारंज्यापुढेच उभं राहायचं. दोन वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की भोकाच्या मागे प्रॉम्प्टर बसवला तर त्याला नायिकेच्या कानातच बोलता येतं. तेव्हापासून बगीच्यातल्या प्रवेशांत कधी कुणी अडलं नाही. पुढे पडदेवाल्याने ते भोक ठिगळ लावून बुजवलं, तेव्हा मंडळातर्फे तक्रार गेली होती.

हे सगळं परवा आठवायचं कारण, शाळेच्या बाईंचा फोन. मुलं जिजाऊंवर नाटक बसवताहेत. बारा जानेवारीला जयंतीसाठी निम्मं गाव सिंदखेडराजाला जातं, म्हणून प्रयोग 10 तारखेला. ‘मागच्या पडद्याचं तेवढं तुम्ही बघा, तुम्हाला जुनं माहीत आहे,’ असं बाई म्हणाल्या. जुनं माहीत असणं ही या वयात पात्रता ठरते.

गेलो तर मुलांचं सगळं ठरलेलं होतं. मोबाइलवर चित्र शोधून ठेवलेलं. ते फ्लेक्सवर छापायचं. शाळेचा सिमेंटचा ओटा 24 फूट रुंद, पडदा 12 फूट उंच धरला तर 288 चौरस फूट. दुकानदाराने भावही सांगून ठेवलेला. एका दिवसात काम तमाम. चित्र पाहिलं. तांबूस दगडाचा भव्य राजवाडा, झरोके, घुमट्या, पुढे हिरवळ. राजस्थानातला कुठला तरी.

‘अरे, हा जिजाऊंच्या वडिलांचा, लखुजीराव जाधवांचा वाडा नव्हे,’ मी म्हणालो. ‘तो वाडा आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ज्या रस्त्यावर आपलं गाव आहे त्याच जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर आहे. त्याचं महाद्वार अजून उभं आहे.’

नाटकात जिजाऊ होणारी नववीतली मुलगी शांतपणे म्हणाली, ‘काका, तुमच्या महालात तं बर्फाचा डोंगर होता ना?’

बाईंनी त्यांना सगळं सांगून ठेवलेलं होतं. मी गप्प बसलो.

घरी येताना उत्तर जुळवत राहिलो. जुळलं ते असं. आमचा महाल खोटा होता, पण तो कुणाच्या जागी उभा नव्हता. तो सगळ्यांचाच होता, आणि म्हणून कुणाचाच नव्हता. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा रंगवलेली दृश्यं नव्हतीच. मिथिला कुठे आहे ते सूत्रधाराने गाऊन सांगायचं आणि लोकांनी पाहायची. रंगीत पडदे पुढे आले ते मुंबईच्या पारशी मंडळ्यांच्या वाटेने, आणि त्यांनी ते उचलले विलायती नाटकांवरून. हंस आणि बर्फ तिकडचे. 1880 साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात उभं राहिलं, संगीत नाटकांचा जमाना आला, आणि पडद्यांवर पैसा ओतला जाऊ लागला. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे पडदे रंगवता रंगवता असे नावाजले की ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव होऊन बसलं. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’चे पडदे त्या घरातले. पुढे याच बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. हा पडदा पांढरा होता, एवढाच फरक. मला नेहमी वाटतं, कापडावर महाल उभा करायची सवय असलेल्या माणसालाच कापडावर माणसं चालवायचं सुचलं असणार.

नंतर शहाण्या लोकांना हे पडदे लाजिरवाणे वाटू लागले. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, तेव्हा रंगमंचावर खऱ्यासारखी खोली उभी राहिली. आणखी चाळीसेक वर्षांनी, 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर नटांची रांगच भिंत झाली, पाठ फिरवली की पडदा, तोंड फिरवलं की पुणं. शहरात पडदे गेले तसे तालुक्यातले पडदेवालेही संपले. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मात्र ते गेले नाहीत. वडशाच्या मंडळ्या दिवाळीनंतरच्या मंडईत गावोगाव रात्रभर नाटकं करतात, आणि हजारो माणसं थंडीत बसून ती पाहतात. तिकडच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी, नातं काही नसताना, पेढे वाटले होते.

‘घाशीराम’ची युक्ती मी दुसऱ्या दिवशी मुलांना सांगून पाहिली. पडदाच नको, तुम्हीच भिंत व्हा. ती मुलगी म्हणाली, ‘इतके पोट्टे कुठून आणायचे काका? आहेत ते बारा, त्यातले आठ मावळे.’ मग मी एवढंच म्हणालो की फ्लेक्स छापण्याआधी एकदा तो वाडा पाहून येऊ. गाडीची सोय माझी.

मेहकर, सुलतानपूर, बीबी, दुसरबीड. समृद्धी महामार्ग झाल्यापासून या रस्त्यावरची ट्रकची वर्दळ बरीच हलकी झाली आहे. पोरं गाणी म्हणत गेली. सिंदखेडराजाला महाद्वारापुढे उतरलो आणि सगळे गप्प झाले. माझी छाती फुगली. म्हटलं, भारावली. तेवढ्यात एक मावळा म्हणाला, ‘काका, हे तं आपल्या गावातल्या वाड्यावानीच आहे. फक्त मोठं आहे.’ दुसरा म्हणाला, ‘लोकं म्हणतीन, याच्यात राजवाडा कुठी आहे?’

खरं होतं. जाड भिंत, कमान, काळा दगड. झरोके नाहीत, घुमट्या नाहीत. आपल्या मातीतला मोठेपणा आपल्या डोळ्यांना मोठा दिसतच नाही, आणि यात पोरांचा काय दोष? आम्हाला तरी महाल म्हटला की गुलाबी खांब लागत होतेच की. मी काही बोललो नाही. मुलं आपली फिरत राहिली. पुतळा बारव पाहिली, मोतीतलावाच्या बांधावर बसून डबे खाल्ले. 1598 साली ज्या घरात जिजाऊ जन्मल्या आणि 1629 साली देवगिरीला मारल्या गेलेल्या लखुजीराव आणि त्यांच्या लेकांची बातमी ज्या घराने ऐकली, ते हे घर, एवढं मात्र मी सांगितलं.

परतीच्या आधी जिजाऊ होणारी मुलगी पुन्हा महाद्वारापाशी गेली, भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि मैत्रिणीला म्हणाली, ‘माझ्या डोक्यापर्यंत दगडाचे थर किती ते मोज.’ मैत्रिणीने मोजले, वहीत मांडले. मग कमानीपर्यंतचे मोजले. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, ‘दार मागे केवढं काढायचं ते समजायले. नाहीतर मी दारापेक्षा उंच होईन.’ खडूच्या रेघेची गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती.

फ्लेक्स रद्द झाला. कारणं व्यवहाराचीही होती: फ्लेक्स चकाकतो, समोरून लाइट पडला की राजवाड्याच्या मधोमध पांढरा डाग उठतो, आणि जानेवारीच्या वाऱ्यात त्याची जी फडफड होते ती माइक सगळी गावाला ऐकवतो.

गावात पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर आहेत. आता त्यांचंही फ्लेक्सचं दुकान आहे. त्यांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी आधी मुलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. ‘मांजरपाट आणा,’ म्हणाले. वारभर पन्ह्याच्या चार पट्ट्या, प्रत्येकी 24 फूट, म्हणजे 32 वार आणि वर शिवणीपुरतं. जोड आडवे घ्यायचे. उभे घेतले की पडदा सोडल्यावर चुण्या पडतात. पहिला हात खडूच्या भुकटीचा, सरसात कालवलेला. सरस कमी झाला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर गुंडाळताना तडकतो. शाळेच्या व्हरांड्यात कापड ताणलं आहे. सुताला निळीत बुडवून, दोन टोकांना दोन मुलं बसवून, मधे चिमटीत धरून सोडायचं. कापडावर सरळ निळी रेघ उमटते. अशा रेघांच्या फूटभराच्या चौकटी आखल्या आणि वहीतल्या चित्राची एकेक चौकट कापडावर चढू लागली. ओला असताना काळा दिसणारा दगड वाळला की राखाडी होतो, हे पाहून पोरं पहिल्या दिवशी हिरमुसली होती. आता तीच एकमेकांना सांगतात, ‘थांब, वाळू दे.’

राजवाडा आतून दाखवायचाच नाही असं ठरलं. एकच पडदा, त्यावर बंद महाद्वार. रंग तीन: दगडाचा, मातीचा, आभाळाचा. रंगपंचमीचा प्रवेश दारापुढेच, आणि देवगिरीची बातमी येते तेव्हाही तेच दार, फक्त दिवा कमी. दोन मावळ्यांचा मात्र शेवटपर्यंत हट्ट होता की कोपऱ्यात मोतीतलाव हवा आणि त्यात हंस हवेत. मी हंसांना कडाडून विरोध केला. का, ते त्यांना कळलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नाही. पेंटरांनी बगळ्यांवर तडजोड केली. दोन आहेत.

आता एकच गोष्ट अडली आहे. गुंडाळीचा पडदा वर ओढायला लाकडी कप्प्यांची जोडी लागते, मोठ्या तोंडाची, जाड दोर बसेल अशी. बाजारात मिळते ती लोखंडी आणि कुरकुरते. शिवाय पेंटरांना एखादा जुना रंगवलेला पडदा हाताने चाचपून पाहायचा आहे, सरसाचा अंदाज घ्यायला. मेहकर, लोणार, रिसोड, मालेगावकडे कुणाच्या माळ्यावर असं काही पडून असेल, भोक पडलेलं असलं तरी चालेल, तर उंदरांच्या आधी डोणगावच्या शाळेत कळवा. प्रयोग 10 जानेवारीला, संध्याकाळी 7 वाजता. थंडी असेल, चादर घेऊन या.