इंडिकेटर लावला की इंजिन अडखळायचं

आमची फियाट, म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, 1982 ची. वडिलांनी घेतलेली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. शोभेसाठी ती ठेवलेली नाही. बाजाराला, लग्नाला, जोतिबाला आजही तीच जाते. म्हणूनच डेल्कोतले, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले, सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं ठरलं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला पॉइंट दोनदा उघडतात. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन तीन हजार आरपीएमवर असेल, तर सेकंदाला शंभर वेळा. दर वेळी थोडी ठिणगी तिथंच जळते, पॉइंटची तोंडं खडबडीत होतात, गॅप बदलते आणि टायमिंग सरकतं. पावसाळ्याआधी फिलर गेज आणि पॉलिश पेपर घेऊन डेल्कोवर वाकणं आमच्या घरात ठरलेलंच. त्यात चांगले पॉइंट आणि टिकणारा कंडेन्सर मिळणंही आता कठीण झालंय.

किट दिसायला साधं. रोटरखाली चार चुंबकांची कडी बसते, पॉइंटच्या जागी छोटं मॉड्यूल. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. चुंबक समोरून गेला की मॉड्यूलला कळतं, ते कॉइलचा प्रवाह तोडतं आणि प्लगला ठिणगी पडते. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेला चुंबकत्वाचा परिणाम इथं कामाला येतो. घासणारं, झिजणारं काहीच नाही.

किट बसलं, टायमिंग लावलं, गाडी कोल्हापुरातल्या रंकाळ्याला फेरी मारून आली. आवाज इतका गोल की बोनेट बंद करावंसं वाटेना. भानगड सुरू झाली ती दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला. गाडी न्यूट्रलला उभी, उजवा इंडिकेटर चालू, आणि इंडिकेटरच्या प्रत्येक टकटकीला इंजिन एकेक ठेका चुकवायला लागलं. ब्रेकवर पाय दाबला तर बंदच पडलं. सेल्फ मारताना आणखी विचित्र प्रकार: सेल्फ फिरतोय तोवर इंजिन गप्प, सेल्फ सोडला की त्या क्षणी पकडायचं.

ज्याला सांगावं तो म्हणे, किट काढून टाका, जुन्या गाडीला असलं मानवत नाही. मला हे पटत नव्हतं. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर वाढलेली ही वसाहत. इथं गाडीचा भाग मिळाला नाही तर कुणीतरी लेथवर तो करून देतो. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालक, किटाला शिव्या मागनं घालू. आधी बघू, त्याला पोटभर मिळतंय का न्हाई."

सुरुवात मात्र त्यांनी डेल्कोपासूनच केली. कॅप काढली, रोटर बोटांत धरून आडवा हलवला. दांडा हलत होता. चुंबक आणि मॉड्यूलमधलं अंतर त्यामुळे दर फेरीला कमीजास्त होणार. लेथवाल्याकडून गनमेटलची नवी बुश करून आणली. प्लगच्या वायरी जुन्या, आत नुसतं तांबं. त्यातून उठणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला चकवतो, म्हणून रेझिस्टन्सवाल्या घातल्या. दोन्ही दोष खरे होते, दोन्ही निघाले. इंजिन सुधारलं, पण इंडिकेटरचा ठेका काही सुटला नाही.

मग मीटर बाहेर आला. बॅटरीच्या टोकांवर 12.3 व्होल्ट. इंजिन चालू ठेवून कॉइलच्या प्लसवर पाहिलं: 10.2. मिस्त्रींनी मला आत बसून इंडिकेटर लावायला सांगितलं. दिवा पेटला की आकडा साडेआठच्या खाली, विझला की परत दहावर. ब्रेक दाबल्यावर तो सातकडे घसरला आणि इंजिन बंद.

बॅटरीपासून कॉइलपर्यंत पोचेतो हे व्होल्ट गळत होते. आमच्या गाडीत कॉइल, वायपर, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट, सगळ्यांचं पोट इग्निशन स्विचमधून येणाऱ्या एकाच वायरवर. डॅशबोर्डमागून स्विच काढून उघडला तर पितळी संपर्क काळे पडलेले. फ्यूजबॉक्सच्या पट्ट्यांवर कोल्हापूरच्या पावसानं हिरवा गंज चढवलेला. त्यात इंजिन मंद चालताना डायनॅमोची साथ जवळजवळ नसतेच. पॉइंट होते तेव्हाही हे व्होल्ट पडत असणारच, पण पॉइंटचं उघडझाप करणं कॅमच्या हाती; ठिणगी अशक्त झाली तरी पडायची. मॉड्यूलला मात्र जागं राहायलाच ठरावीक व्होल्ट लागतात. सेल्फचं कोडंही इथंच सुटलं: सेल्फ बॅटरी ओढतो तोवर मॉड्यूल उपाशी.

इलाज स्वस्तातला होता. एक रिले घेतला. 30 नंबरला बॅटरीतून फ्यूज घालून जाड वायर, 87 वरून कॉइल आणि मॉड्यूल, 86 ला स्विचची जुनी वायर, 85 अर्थिंगला. आता स्विचला फक्त रिले ओढायचा असतो. फ्यूजबॉक्स घासून काढला, इंजिनची अर्थिंग पट्टी नवी टाकली. कॉइलवर 12.1 व्होल्ट आले. इंडिकेटर, ब्रेक, वायपर एकदम चालू केले तरी आकडा जेमतेम हलतो. त्यानंतर भर पावसात वाघबीळ ओलांडून पन्हाळा चढलो, धुक्यात वायपर आणि इंडिकेटर लावून थांबत थांबत, आणि गाडीनं एकदाही मिसिंग दाखवलं नाही.

जुन्या गाडीला किट बसवणाऱ्यानं किटाला हात लावण्याआधी कॉइलवरचे व्होल्ट मोजावेत, तेही सगळे दिवे लावून. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये, कॉइल आणि मॉड्यूल तापतात. आमची जुनी पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट डिकीत, जॅकशेजारी पिशवीत असते. लांबच्या रस्त्यावर मॉड्यूल गेलंच, तर स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेजवर ती परत बसते.