डोकं उठतं तेव्हा

आज पुन्हा डावं कानशील ठणकतंय. पडदे ओढून पडले, तर आईचा प्रश्न आलाच, "काल जेवायला उशीर केलास ना?" तिला काळजी वाटते, हे कळतं. पण अर्धशिशी असलेल्या बाईला हा हिशेब कायमच द्यावा लागतो: जागरण, ऊन, उपवास, चॉकलेट.

खरं तर झटक्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जांभया येणं, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं ही त्याचीच लक्षणं असू शकतात. म्हणजे ज्या चॉकलेटवरून आपण स्वतःला बोल लावतो, ते खावंसं वाटलं तेव्हा दुखणं कदाचित सुरूच झालं होतं! हा मेंदूचा आजार आहे, बऱ्याचदा आनुवंशिक. बायकांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट. माझी आजी कपाळाला सुंठेचा लेप लावून, कुणाला काही न सांगता भाकऱ्या थापायची. तिला गप्प राहावं लागलं, याचा मला आज राग येतो.

मी वेळेवर जेवते, झोपते, तरी डोकं उठतं. तो माझा गुन्हा नाही.

महिन्यातले 10-15 दिवस गोळ्या लागत असतील, तर त्यांनीच डोकेदुखी वाढू शकते. न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि तिथे माफी मागितल्यासारखं बोलू नका.