एका चिठ्ठीचा प्रवास : गांधीबाग ते धंतोली

नागपूरच्या इतवारीत सूर्यास्ताची चाहूल घड्याळाआधी जैन घरांतील स्वयंपाकघरांना लागते. सराफा ओळीत गिऱ्हाइकांची वर्दळ चालू असते, मस्कासाथीत हातगाड्या अडकलेल्या असतात. पण चोविहार पाळणारी वडीलधारी मंडळी उजेडातच जेवून, पाणी पिऊन पच्चक्खाण घेतात. ज्या घरात आजोबांना झोपेची गोळी लागते, तेथे याच वेळी आणखी एक प्रश्न उभा राहतो : डबीत गोळ्या किती उरल्या?

वास्तविक हा प्रश्न इतवारीत पडू नये. शेजारीच गांधीबाग-गंजीपेठेचा घाऊक औषधबाजार आहे. विदर्भातील गावोगावच्या दुकानांचा माल येथून भरला जातो. परंतु घाऊक व्यापारी परवानाधारकालाच माल देऊ शकतो; रुग्णाला नव्हे. धान्याच्या कोठाराशेजारी राहूनही मूठभर तांदळासाठी किरकोळ दुकान गाठावे, तशी ही गत.

मग आजोबा चिठ्ठी घेऊन निघतात. पहिल्या दुकानात उत्तर मिळते, "काका, ही चिठ्ठी जुनी आहे, आणि यावर औषध दिल्याचा शिक्काही पडला आहे." दुसऱ्या दुकानात त्या कंपनीची गोळी नसते आणि दुसऱ्या कंपनीची द्यायला दुकानदार तयार नसतो. तिसरा दुकानदार नोंदींची कटकट नको म्हणून हा मालच ठेवत नाही. पुण्याहून डॉक्टर भाच्याने मोबाईलवर पाठविलेली चिठ्ठी चौथ्या ठिकाणी परत केली जाते. पन्नास वर्षे पेढीवर शब्दाला मान मिळालेल्या माणसाला हा अपमान वाटतो.

तो अपमान नसतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा आणि त्याखालील नियम 1945 चे. 2013 मध्ये या नियमांत ‘एच-1’ ही स्वतंत्र अनुसूची घालण्यात आली आणि 1 मार्च 2014 पासून ती अमलात आली. तिच्यातील 46 औषधांत अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम आहेत. यांची विक्री करताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. हीच औषधे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही येतात. म्हणून 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती दूरध्वनीवरून वा मोबाईलवरून तपासून लिहून देता येत नाहीत.

व्यापारी घराला हे समजणे अवघड नाही. जुन्या पेढ्यांवर हुंडी सिकारली की तिचा खोखा होई. त्याच कागदावर दुसऱ्यांदा पैसे मिळत नसत. चिठ्ठीचेही तसेच आहे. तिच्यावर सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, मात्रा आणि एकूण संख्या हवी. ती एकदाच वटते. डॉक्टरांनी किती वेळा औषध द्यावे हे लिहिले असेल, तरच तेवढ्या वेळा ती चालते.

खरा धोका वेगळाच आहे. गोळी मिळाली नाही म्हणून आजोबा ती एकाएकी बंद करतात किंवा शेजाऱ्याकडून दोन उसन्या घेतात. अनेक महिने घेतलेली डायझेपामसारखी गोळी अचानक थांबविल्यास झोप पूर्वीपेक्षा बिघडते, हातपाय थरथरतात, क्वचित झटकेही येतात. ती बंद करायची, तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी लागते. दुसरी चूक चोविहारामुळे घडते. पाणी वर्ज्य होण्याआधी म्हणून गोळी सूर्यास्तालाच घेतली जाते. झोल्पिडेमचा अंमल थोड्याच वेळात चढतो. ती अंथरुणावर पडतानाच घ्यायची असते. माणूस दिवाणखान्यात गप्पा मारीत असतानाच तोल जातो आणि उतारवयात मांडीचे हाड मोडते. असा मेळ मनाने घालू नये. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारावी आणि नियमातील आगाराविषयी महाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. धर्मात आजाऱ्यासाठी वाट ठेवलेली आहे.

म्हणून डबीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच प्रवास करावा. डिसेंबर 2022 पासून सेंट्रल अव्हेन्यूवरून मेट्रो धावते. चितार ओळीला बसून सीताबर्डीला गाडी बदलली की काँग्रेसनगर येते आणि तेथून दवाखान्यांनी गजबजलेली धंतोली जवळ आहे. मे महिन्याच्या उन्हात वृद्धांना ही मोठीच सोय झाली. डॉक्टरांपुढे बसल्यावर तीन गोष्टी मागाव्यात : औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत, एकूण संख्या, आणि पुन्हा केव्हा यायचे ती तारीख. ही गोळी अजून किती दिवस लागेल, हा चौथा प्रश्नही विचारावा. बहुधा तोच विचारायचा राहतो.

परतल्यावर ओळखीच्या दुकानात नव्या चिठ्ठीची नोंद होते, शिक्का पडतो आणि पाकीट हाती येते. घरी नातू भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या भेटीच्या तारखेभोवती गोल काढतो. त्या रात्री आजोबांना डबी उघडून गोळ्या मोजाव्या लागत नाहीत.