मठावरचं डुक्कर

स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावी पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. ११३६ साली पहिल्या डेव्हिड राजाने वसवलेल्या मठाचं छप्पर बहुतेक गेलंय. गुलाबी दगडाच्या भिंती उभ्या आहेत. मान वर केली, तर एक दगडी डुक्कर चक्क बॅगपाइप वाजवतंय! खाली हिरवळीत कोरीव गोल दगड. त्याखाली स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचं हृदय आहे असं मानतात. पवित्र भूमीकडे निघालेलं ते हृदय १३३० मध्ये स्पेनच्या रणातून माघारी आलं.

याच गावात १८८३ मध्ये नेड हेग नावाच्या खाटकाच्या कल्पनेतून, गावच्या रग्बी क्लबला चार पैसे मिळावेत म्हणून, सात-सात जणांचं रग्बी सुरू झालं.

रात्री आठवत राहिलं ते मात्र डुक्करच. कुण्या अनाम पाथरवटाने देवाच्या कामातही आपलं हसू कोरून ठेवलं.