अर्थिंगकडे कोणी बघत नाही

सेल्फ मंद फिरला किंवा हेडलाइट पिवळे पडले की दोष बॅटरीचा, ही समजूत इतकी घट्ट आहे की माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्या नवी कोरी बॅटरी घेऊनच येतात. “मिस्त्री, आत्ताच बॅटरी टाकली हो, तरी सेल्फ घेईना झालीय,” असं सांगताना मालकाचा चेहरा उतरलेला असतो. खिशाला खड्डा पडलेला असतो आणि गाडी होती तिथेच असते. मला याची मनापासून चीड येते. दोष शोधायला एक साधा डिजिटल मीटर आणि सेल्फ मारायला एक माणूस, एवढंच तर लागतं.

सोलापुरात जुन्या फियाटवर जीव असलेली माणसं अजून आहेत. प्रेसिडेंट असो की पद्मिनी, इथे तिला फियाटच म्हणतात. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद मूळचे आपल्याच गावचे; १८८२ मध्ये ते इथे जन्मले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास मिळालं आणि मुंबईतली तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची उतरली. आज चालणारी अगदी शेवटची पद्मिनीसुद्धा पंचविशीच्या आसपास आहे. मालक लोक तिचं इंजिन बांधून घेतात, रंग देतात, सीटचं रेक्झिन बदलतात. वायरिंग मात्र कारखान्यातून आलेलंच असतं, आणि त्यावर प्रत्येक मिस्त्रीने आपापली टेप गुंडाळलेली असते.

गाडीतला करंट बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून निघतो, काम करतो आणि निगेटिव्हला परत येतो. जाण्याची वाट वायरची असते, परतीची बॉडीच्या पत्र्यातून. या वाटेवरचा प्रत्येक नट, प्रत्येक लग, स्वीचचा प्रत्येक पॉइंट थोडा विरोध करतो. करंट गुणिले विरोध, तेवढे व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. जॉर्ज ओमने १८२७ मध्ये मांडलेला हा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो. सेल्फ ओढतो शे-दीडशे अँपिअर. एका ओमचा शंभरावा भाग जरी विरोध मध्ये आला, तरी एक-दीड व्होल्ट गेलाच.

इथेच बहुतेकांची फसगत होते. टेस्ट लॅम्प लावला, पेटला. मीटर लावला, साडेबारा दाखवले. वायर चांगली आहे असं ठरवून मोकळे. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गाळाने भरलेल्या पाइपचा नळ बंद असेल तर दाब पूर्णच दिसतो. नळ सोडला की धार किती हे कळतं, आणि आठवड्यातून मोजक्या वेळा पाणी येणाऱ्या आपल्या गावात हे कोणाला वेगळं सांगायला नको. दहा तारांपैकी नऊ तुटलेली केबलसुद्धा मीटरवर पूर्ण व्होल्ट दाखवते. मीटर ओमवर लावूनही उपयोग नाही, कारण त्याच्या स्वतःच्या प्रोबचाच विरोध आपण शोधतो त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना, आणि वाटेच्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांमध्ये.

मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक आपली पद्मिनी घेऊन आले. सकाळी गाडी बरी चालू व्हायची. बाजारात जाऊन, गरम होऊन उभी राहिली की सेल्फ कण्हायला लागायचा. बॅटरी बदलून झाली होती, सेल्फही खोलून कार्बन नवे घातले होते. मी कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन चालू न होता नुसता सेल्फ फिरतो, आणि सरांना किल्ली फिरवायला सांगितली. एका वेळी पाच सेकंद, जास्त नाही.

बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १०.९ व्होल्ट. सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर प्रोब टेकवले तर फक्त ८.६. मधले २.३ व्होल्ट वाटेत गेले होते. पॉझिटिव्हकडे मोजले: ०.४, चालण्यासारखे. मग बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक प्रोब (शिशाच्या टर्मिनलवरच, वर बसवलेल्या क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. १.९! तिथे ०.२ च्या वर जायला नको. बॅटरी ते बॉडी ०.१ च निघाले. राहिला एकच तुकडा, बॉडी ते इंजिन.

“सर, जरा चोकच्या केबलला हात लावून बघा,” मी म्हटलं. त्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध जोडते ती विणलेल्या तांब्याची एक पट्टी. ती पट्टी दिसायला जागेवर होती. बोल्ट सोडून काढली तर बॉडीकडचं टोक काळं-हिरवं पडून भुगा झालेलं. अर्थ मिळेना म्हणून करंट चोकच्या बारीक तारेतून वाट काढत होता.

नवी पट्टी टाकली, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला आणि वरून व्हॅसलीन लावलं. आता बॅटरीवर १०.६ दिसले, म्हणजे आधीपेक्षा कमी. सर घाबरले. पण ते बरोबरच होतं: वाट मोकळी झाल्यामुळे सेल्फ हवा तेवढा करंट ओढत होता, आणि त्याच्यापर्यंत १० व्होल्ट पोचत होते. पहिल्याच झटक्यात तो जोरात फिरला.

‘गरम झाली की घेत नाही’ ही तक्रार सोलापुरात उगीच जास्त येत नाही. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. एप्रिल-मेच्या दुपारी बॉनेटखाली ऐंशी अंश झाले, तर वीस अंशांच्या मानाने केबलचा विरोध पाव हिश्शाने जास्त. सांध्यांचे हाल त्याहून वाईट. तापून-निवून नट ढिले होतात, फटीत काळ्या मातीची धूळ शिरते आणि बॅटरीचं ॲसिड बाकीचं काम करतं.

हेडलाइटचा प्रश्न मला सेल्फपेक्षा गंभीर वाटतो. सेल्फ घेतला नाही तर धक्का मारता येतो. दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो, आणि मग बार्शी किंवा अक्कलकोट रस्त्यावर रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट फ्यूज, मुख्य स्वीच, डिपर अशी वरात काढून बल्बपर्यंत जातो. साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर. साडेतेराऐवजी बल्बला बारा मिळाले, तर व्होल्ट अकरा टक्के कमी, पण प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश जातो. यावर लोक शंभर वॉटचे बल्ब टाकतात. करंट वाढतो, ड्रॉपही वाढतो आणि शेवटी स्वीच वितळतो. उपाय सरळ आहे: बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर, मध्ये रिले, आणि जुन्या स्वीचने फक्त रिले चालवायचा. सोबत बल्बच्या होल्डरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी अर्थची वायर. ही शेवटची वायर कोणी टाकत नाही, म्हणून नवी रिले किट बसवूनही उजेड अर्धाच वाढतो.

काम झाल्यावर मी दिवे लावून, इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजतो. बॅटरी आणि बल्ब यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक राहिला तर गाडी देत नाही. सेल्फचे, अर्थचे, दोन्ही दिव्यांचे आकडे तारखेसह कागदावर लिहून मालकाच्या हातात देतो, म्हणजे दोन वर्षांनी गाडी दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीकडे गेली, तरी बॅटरी बदलायच्या आधी त्याला निदान ते ताडून बघता येतील.