पाठीवरचे स्पिरिट आणि पुराव्याची कसोटी

रुग्णालयातील परिचर्येत अशा कितीतरी कृती आहेत, ज्या आजच्या परिचारिकेने आपल्या शिक्षिकेकडून आणि त्या शिक्षिकेने आपल्या शिक्षिकेकडून घेतल्या, पण त्यांनी रुग्णाचे खरोखर भले होते का, हे मधल्या काळात कुणी तपासून पाहिलेले नसते. ही तपासणी करण्याच्या आणि तिच्या निष्कर्षाप्रमाणे हातातले काम बदलण्याच्या शिस्तीला ‘पुराव्यावर आधारित परिचर्या’ असे नाव आहे. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वैद्यकासाठी केलेली मांडणी परिचर्याशास्त्राने आपलीशी केली असून, तिच्यानुसार संशोधनातील सर्वांत भरवशाचे निष्कर्ष, काम करणाऱ्याचा कमावलेला अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ घालून निर्णय घ्यायचा असतो. त्यामुळे संशोधन आले की अनुभव मोडीत निघाला, ही अनेक ज्येष्ठ परिचारिकांची भीती निराधार आहे. परिचारिकेने डॉक्टरांनी सांगितले तेवढे करावे, तिला संशोधनाशी काय कर्तव्य, हा समाजातला समज तर साफ चुकीचा आहे, कारण रुग्णाची कूस केव्हा बदलायची, टाच कशावर टेकवायची, हे निर्णय रात्रंदिवस तीच घेत असते.

बेडसोअर, म्हणजे शय्याव्रण, या एकाच दुखण्यावरून हा विषय नीट समजू शकतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व मांस सतत दाबले गेले की तेथील केशवाहिन्यांतून रक्त फिरत नाही आणि काही तासांतच पेशी मरू लागतात. त्यात रुग्णाला चादरीवरून फरफटत वर ओढले, तर कातडी चादरीला धरून राहते, आतले मांस हाडाबरोबर सरकते आणि जखम आतून सुरू होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या आपल्या पुस्तकात शय्याव्रणाचा दोष बहुधा आजाराचा नसून परिचर्येचा असतो, असे मत नोंदवले, आणि तो ठपका आजही परिचारिकेच्याच माथी आहे. मात्र या प्रश्नाचा माग काढण्यातही परिचारिकाच पुढे होत्या. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेच्या, दोन सहकाऱ्यांसह 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून शय्याव्रणाचा धोका गुण देऊन मोजण्याची पट्टी मिळाली, तर बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची 1987 ची पट्टी आज जगभर वापरात आहे.

आपल्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे पाठीला स्पिरिट चोळणे आणि वर पावडर मारणे. स्पिरिटचा गारवा रुग्णाला बरा वाटतो, चोळल्याने रक्त खेळते असे सांगितले जाते, आणि पाठ चोळली गेली की सेवा झाली, असे नातेवाइकांनाही वाटते. वास्तविक स्पिरिट उडून जाताना कातडीचा तेलकटपणा घेऊन जाते, पावडर घामात भिजून घड्यांमध्ये गोळे धरते, आणि दाबाने आधीच दुबळ्या झालेल्या केशवाहिन्यांना जोराच्या चोळण्याने इजा होऊ शकते. धोक्यातील कातडी जोरात चोळू नये, मध्ये भोक असलेल्या रिंगच्या उशा वापरू नयेत, असे 2019 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. संशोधनाचे पद्धतशीर आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात, मालिशने शय्याव्रण टळतात का, हे ठरवण्यासाठी निकषांत बसणारी एकही चाचणी हाती आली नाही. म्हणजे चोळण्याच्या बाजूने पुरावा नाही, आणि विरुद्ध बाजूचा आधार मुख्यतः शरीरक्रियेच्या ज्ञानाचा व तज्ज्ञांच्या मताचा आहे. एवढ्यावरून जुनी पद्धत चालू ठेवावी, हा युक्तिवाद मान्य होण्यासारखा नाही, कारण जिचा फायदा सिद्ध नाही आणि जिच्यापासून अपाय संभवतो, अशा कृतीचे समर्थन करण्याची जबाबदारी ती करणाऱ्यावर येते. शिवाय चोळण्यात गेलेला वेळ कूस बदलण्याच्या वेळातून वजा होतो.

चोळण्याऐवजी कातडी पाहणे आणि दाबणे अधिक महत्त्वाचे. लाल झालेल्या जागी बोट काही क्षण दाबून उचलल्यावर ती जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्तप्रवाह शाबूत असतो. लाली तशीच राहिली, तर शय्याव्रणाची पहिली पायरी सुरू झालेली असते. परंतु ही खूण गोऱ्या कातडीवर नीट दिसते. सावळ्या वा काळ्या कातडीवर लाली लपते, आणि म्हणून शेजारच्या भागाच्या तुलनेत ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, हे हाताच्या स्पर्शाने ओळखावे लागते. जे परदेशी चित्रांवरून शिकवले जाते ते आपल्या रुग्णाच्या पाठीवर पडताळून घेणे, हादेखील याच शिस्तीचा भाग आहे.

दर दोन तासांनी कूस बदलावी, हा नियमही या तपासणीतून सुटलेला नाही. बर्गस्ट्रॉम यांच्याच नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील 27 शुश्रूषागृहांत 942 वृद्धांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन, तीन व चार तासांच्या अंतरांमध्ये शय्याव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ते सर्व रुग्ण दाट फोमच्या गाद्यांवर होते, आणि हा निष्कर्ष दबलेल्या काथ्याच्या गादीला, वर रेक्झिन असताना, जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरेल. दुसरीकडे, कक्षात दहा रुग्ण अंथरुणाला खिळलेले असतील, तर दर दोन तासांच्या नियमाने आठ तासांच्या पाळीत चाळीस वेळा कूस बदलावी लागते. एका वेळेस पाच मिनिटे धरली, तरी दोन माणसांचे तीन तास वीस मिनिटे त्यातच जातात. हे मनुष्यबळ न देता केवळ परिचारिकेला दोषी धरणे अन्यायाचे आहे.

ज्यांच्या घरी वा नात्यात कुणी अंथरुणाला खिळले आहे, त्यांना एक विनंती. सिस्टरने पाठ चोळली नाही, म्हणून तिने हयगय केली असे समजू नये. ती कूस बदलायला आली की चादरीचे दुसरे टोक धरावे, रुग्णाला ओढण्याऐवजी उचलून सरकवावे, आणि पोटरीखाली उशी ठेवून टाच गादीपासून अधांतरी राहते ना, हे स्वतः हात घालून पाहावे.