नहेम्याचा तेरावा अध्याय

यंदा उज्जीवन सभांच्या आधी पाळकसाहेबांनी सांगितलं, घरोघरच्या प्रार्थनासभांत बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक क्रमानं वाचा. आमच्या गटात वाचन माझ्याकडे आलं.

आठवा अध्याय सगळ्यांच्या ओळखीचा. यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी अर्थ उलगडून सांगतात, लोक रडतात. देवाकडे आम्ही तेच मागत होतो. पण क्रमानं वाचलं की आधी पाचवा येतो. तिथे गरीब लोक आणि त्यांच्या बायका आक्रोश करताहेत: शेतं, द्राक्षमळे गहाण पडलेत, पोरी दासी झाल्यात, आणि सावकार आपलेच भाऊबंद. नहेम्या संतापतो, सभा बोलावतो आणि शेतं, घरं, व्याज परत करायला लावतो. वाचताना खोलीत चुळबुळ झाली. एक आजी म्हणाल्या, "बाई, परत वाच ते." मी वाचलं. या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनमधलं १९०५ चं उज्जीवन आम्ही लहानपणापासून ऐकतो. मुलींचे अश्रू, त्यांच्या प्रार्थना. पण त्याआधी कितीतरी वर्षं पंडिता रमाबाई दुष्काळातल्या मुलींना आणून जेवू घालत होत्या, शिकवत होत्या. ते व्यासपीठावरून फारसं सांगितलं जात नाही, याचं मला दुःख होतं.

तेराव्या अध्यायापाशी माझा आवाज अडखळला. देवाच्या मंदिराची हयगय करणार नाही, असा लेखी करार लोकांनी शिक्के मारून केला होता. नहेम्या राजाकडे जाऊन परत येतो, तर लेव्यांचे वाटे कुणी दिलेलेच नाहीत. ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर गेलेत. शास्त्र समजावणारे तेच लोक!

आमचे सुवार्तिक हिवाळ्यापासून दुसऱ्याच्या उसात मजुरीला जातात. मानधन थकलंय, हे कमिटीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या बैठकीत मी हा अध्याय वाचून दाखवला आणि म्हटलं, आधी त्यांचं देणं, मग सभांचा मांडव. खजिनदार म्हणाले, दोन्ही जमणार नाही. बराच वाद झाला. शेवटी मांडव रद्द करून सभा चर्चच्या अंगणात घ्यायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात सुवार्तिकांना थकबाकी मिळाली.

पाचवा अध्याय अजून बाकी आहे. त्या आजींच्या मुलाचं शेत मंडळीतल्याच एका घराकडे गहाण आहे. पाळकसाहेब दोन्ही घरी जाऊन आले. बोलणी चालू आहेत.